‘उघड’ हाच आक्षेप: सौरभ कृपाल यांची अडलेली नियुक्ती

१८ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे न्यायमूर्तिपदासाठी नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, एक ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी तो न्यायालयाच्या वेबसाइटवर आला. विषय नेहमीचाच होता. दिल्ली उच्च न्यायालयासाठी सुचवलेलं एक नाव सरकारने फेरविचाराला परत पाठवलं होतं आणि कॉलेजियम तेच नाव पुन्हा पाठवत होतं. एरवी असे ठराव चार ओळींत उरकतात. हा मात्र सगळ्या कारणांसकट आला. सरकारला काय खटकलं, गुप्तचर खात्याने कोणत्या तारखेच्या पत्रात काय कळवलं, त्यावर तिघा न्यायमूर्तींचं म्हणणं काय, सगळं पांढऱ्यावर काळं. नाव होतं ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांचं. ते समलिंगी आहेत आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही.

आपण समलिंगी आहोत हे कामाच्या ठिकाणी मोकळेपणाने सांगितलं तर पुढे काय होतं, याबद्दल आपल्याकडे बरंचसं ऐकीव असतं. कुणाचं प्रमोशन हुकलं, कुणाला क्लायंटसमोर पाठवणं बंद झालं, कुणाचं काँट्रॅक्ट वाढवलंच नाही. खरं कारण कधी कागदावर येत नाही. ‘परफॉर्मन्स’, ‘टीममध्ये बसत नाही’, ‘सध्या जागा नाही’ असलं काहीतरी तोंडी सांगून विषय संपतो. इथे कारण तारखेनिशी कागदावर आलं. ज्याला कोर्टकचेरीशी काही देणंघेणं नाही अशा माणसानेही हे प्रकरण वाचावं ते एवढ्यासाठी.

माणूस आणि त्याची फाइल

कृपाल यांचं घराणंच कायद्यातलं. वडील बी. एन. कृपाल २००२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश होते. सौरभ कृपाल सेंट स्टीफन्समध्ये भौतिकशास्त्र शिकले, ऑक्सफर्डला कायदा, मग केंब्रिजला पदव्युत्तर शिक्षण. काही काळ जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या कामात होते, नंतर दिल्लीत येऊन वकिली सुरू केली. नाझ फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाशी त्यांचा संबंध आहे, आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धच्या नवतेज जोहर खटल्यात ते याचिकाकर्त्यांच्या वकिलांपैकी एक होते. म्हणजे जात, वर्ग, भाषा, ओळखीपाळखी, सगळ्या बाजूंनी ज्याचं पारडं जड, असा हा माणूस. नंदुरबारहून किंवा लातूरहून आलेल्या एखाद्या ज्युनियर वकिलाशी त्यांची तुलना कुणी करू नये. पण म्हणूनच हे प्रकरण उपयोगाचं आहे. बाकी सगळ्या शंका इथे आधीच गळून पडतात आणि एकच गोष्ट चाळणीत उरते.

१३ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने त्यांचं नाव एकमताने पुढे पाठवलं. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते, म्हणजे बारमधून थेट न्यायमूर्ती होण्याच्या अगदी योग्य वयात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने निर्णय पुढे ढकलला, आणि मग पुन:पुन्हा ढकलला. मधल्या काळात ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा निकाल लागला आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. त्या पाच जणांच्या घटनापीठात अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड ही दोन मराठी नावं होती. निकालानंतरही फाइल जागची हलली नाही. मार्च २०२१ मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी सरकारला पत्र लिहून या नावाबद्दलचं म्हणणं नीट स्पष्ट करा असं सांगितलं, आणि १ एप्रिल २०२१ ला कायदामंत्र्यांचं उत्तर आलं. त्याच मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कृपाल यांना ज्येष्ठ वकिलाचा गाऊनही दिला होता. ११ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने अखेर शिफारस केली. सरकारने ती वर्षभर ठेवून घेतली आणि २५ नोव्हेंबर २०२२ ला परत पाठवली.

गाऊनची गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. ज्येष्ठ वकील कोण, हे उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती मिळून ठरवतात. ज्यांच्या शेजारी बसून काम करायचं, त्या लोकांनी या माणसाला रोज कोर्टात पाहिलेलं होतं, त्याची तयारी आणि वागणूक जोखलेली होती. त्यांना काही अडचण नव्हती. आधी २०१७ मध्ये शिफारस त्यांच्यातूनच निघाली, पुढे गाऊनही त्यांनीच दिला. अडलं ते वरच्या मजल्यावर. तिथे हा माणूस फक्त फाइलीतल्या शेऱ्यांतून ओळखीचा होता.

दोन पत्रं

ठरावात ‘रॉ’ या गुप्तचर खात्याच्या दोन पत्रांचा उल्लेख आहे, ११ एप्रिल २०१९ आणि १८ मार्च २०२१. दोन्हींत मिळून आक्षेप दोनच. एक, कृपाल यांचा जोडीदार स्विस नागरिक आहे. दोन, त्या दोघांचं जवळचं नातं आहे आणि कृपाल आपल्या लैंगिकतेबद्दल उघड आहेत. कायदामंत्र्यांच्या पत्राने तिसरा मुद्दा जोडला. समलैंगिकता आता गुन्हा नसली तरी समलिंगी विवाहाला कायद्यात मान्यता नाही, शिवाय समलिंगी हक्कांशी उमेदवाराची असलेली जवळीक पाहता निवाड्यात पक्षपात होणार नाही असं सांगता येत नाही, असा त्याचा आशय.

यात कामाबद्दल एक अक्षरही नाही. तर्क कच्चा, ड्राफ्टिंग ढिसाळ, अशिलांच्या तक्रारी, पैशाचा घोटाळा, काहीच नाही. पारपत्र तपासणीच्या वेळी पोलिस शेजारीपाजारी विचारपूस करतात, तितपतही कामाची चौकशी या पत्रांत दिसत नाही.

आता यातल्या ‘उघड’पणाच्या आक्षेपाकडे पाहू, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. माणूस समलिंगी आहे म्हणून तो धोक्याचा, ही समजूत जुनी. अमेरिकेत १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या आदेश क्रमांक १०४५० ने तथाकथित लैंगिक विकृती हे सुरक्षेच्या कारणास्तव नोकरीतून काढण्याचं कारण ठरवलं आणि हजारो समलिंगी सरकारी कर्मचारी घरी गेले. त्यामागचा युक्तिवाद असा होता: हे लोक आपलं गुपित जपायला काहीही करतील, शत्रूचा हेर त्यांना ब्लॅकमेल करेल. अमानुष होता, पण त्याला स्वतःचं एक गणित होतं. गुपित असेल तर धोका. कालांतराने सरकारांना त्याच गणिताची दुसरी बाजू दिसली. ज्याने आधीच सगळ्यांना सांगून टाकलं आहे त्याला ब्लॅकमेल करणार कशावरून? ब्रिटनने १९९१ मध्ये परराष्ट्र सेवेतली बंदी उठवली, आणि अमेरिकेत १९९५ च्या क्लिंटन यांच्या आदेशाने केवळ लैंगिक कल पाहून सुरक्षा मंजुरी नाकारणं थांबलं.

आपल्या गुप्तचर खात्याने हे गणित उलटं केलं. इथे आक्षेप गुपितावर नाही, गुपित नसण्यावर आहे. नियम असा होतो की माणूस समलिंगी असला तरी चालेल, फक्त ते कळता कामा नये. पण तो लपवून बसला असता तर तेच खातं उद्या त्याला दबावाखाली येऊ शकणारा माणूस ठरवायला मोकळं. दोन्हीकडून कोंडीच. कॉलेजियमने नेमकी हीच गाठ पकडली. कृपाल यांनी आपली लैंगिकता चोरून ठेवलेली नाही ही त्यांच्या खात्यावर जमेची बाजू आहे, असं ठरावात स्वच्छ लिहिलं आहे. घटनापीठाने प्रत्येकाला लैंगिक कलासकट आपली प्रतिष्ठा आणि व्यक्तित्व जपण्याचा हक्क दिलेला असताना याच कारणावरून उमेदवारी नाकारणं घटनेच्या तत्त्वांच्या सरळ विरुद्ध जाईल, असंही. ठरावावर सही करणारे तिघे म्हणजे चंद्रचूड, संजय किशन कौल आणि के. एम. जोसेफ.

जोडीदाराच्या नागरिकत्वाचं उत्तरही ठरावात आहे. स्वित्झर्लंड हा मित्रदेश आहे, जोडीदार भारताच्या वाईटावर असेल असं गृहीत धरायला कारण नाही, आणि घटनात्मक पदांवर आज आणि पूर्वी असलेल्या अनेकांचे जोडीदार परदेशी होते. नावं घेतलेली नाहीत, पण राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या पत्नी उषा मूळच्या ब्रह्मदेशातल्या, हे जगजाहीर आहे. याच्या पुढची गोष्ट ठरावात नाही, ती मला जास्त बोलकी वाटते. भारतीय माणसाशी लग्न करून इथे सात वर्षं राहिलेल्या परदेशी व्यक्तीला नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली नोंदणीसाठी अर्ज करता येतो. पुरुषाचा जोडीदार पुरुष असेल तर त्यांचं लग्नच इथे धरलं जात नाही, मग ही वाट त्याला बंद. म्हणजे कायदा त्याला या वाटेने नागरिक होऊ देत नाही, आणि तो नागरिक नाही म्हणून जोडीदाराची नेमणूक अडते. विवाहाला मान्यता नाही हा मंत्र्यांचा मुद्दाही याच वाटेने जातो. २०२३ मध्ये सुप्रियो खटल्यात विवाहाच्या मान्यतेला विरोध करायला केंद्र सरकारच उभं होतं, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती मिळाली नाही. दार आपणच लावायचं आणि आत का आला नाहीस म्हणून विचारायचं.

पक्षपाताची शंका

राहिला पक्षपात. हा मुद्दा वरकरणी बरा वाटतो, म्हणून त्याच्याशी थोडं झटायला हवं. समलिंगी हक्कांसाठी झगडलेला वकील न्यायमूर्ती झाला आणि त्याच्यासमोर तशीच केस आली तर?

तर तो बाजूला होईल. ज्या खटल्यात आपण वकील होतो किंवा आपले हितसंबंध गुंतलेले आहेत तो खटला न्यायमूर्ती सोडतात, हे रोज घडतं, त्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. शिवाय दिल्ली उच्च न्यायालयाच्या रोजच्या बोर्डावर जामीन, लवाद, कर, ट्रेडमार्क, सरकारी नोकरीतल्या बढत्या-बदल्या असतात. त्यांतल्या बहुतेकांचा न्यायमूर्तींच्या घरातल्या माणसाशी काडीचा संबंध नसतो.

शंकेचं मूळ वेगळीकडे आहे. लग्न झालेला, मुलंबाळं असलेला न्यायमूर्ती घटस्फोट आणि पोटगीचे खटले चालवतो, तेव्हा त्याच्या संसाराचा अनुभव पक्षपात ठरत नाही. जमीनजुमला असलेला न्यायमूर्ती भूसंपादनाचा निकाल देतो, त्याला कुणी विचारत नाही. दलित न्यायमूर्तींसमोर ॲट्रॉसिटीची केस आली की मात्र कुजबुज सुरू होते, आणि महिला न्यायमूर्तींच्या वाट्यालाही ती आलेली आहे. बहुसंख्यांचा अनुभव हा तटस्थपणा आणि अल्पसंख्यांचा अनुभव हा अजेंडा, असा हिशेब. ऑफिसातही हेच चालतं. टेबलावर बायको-मुलांचा फोटो ठेवणारा माणूस साधा गृहस्थ, जोडीदाराचा फोटो ठेवणारा गे माणूस ‘स्वतःचं वैयक्तिक ऑफिसात आणतो’.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठावर मायकेल किर्बी १९९६ ते २००९ बसले. १९९९ मध्ये त्यांनी ‘हूज हू’ या नामवंतांच्या परिचयकोशातल्या आपल्या नोंदीत जोडीदाराचं नाव घातलं, आणि पुढची दहा वर्षं निकाल देत राहिले. दक्षिण आफ्रिकेत तसेच उघडपणे समलिंगी असलेले एडविन कॅमेरून घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. इंग्लंडमध्ये ॲड्रियन फुलफर्ड, तेही उघडपणे समलिंगी, हाय कोर्टात आले आणि तिथून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गेले. या तिघांच्या निकालांवर टीकाही पुष्कळ झाली, कुठल्या न्यायमूर्तीवर होत नाही?

ठरावातल्या एका वाक्याशी मात्र माझं पटत नाही. सरकारने नाव का परत पाठवलं असावं याबद्दल कृपाल माध्यमांशी बोलले होते, आपली लैंगिकता हेच कारण असावं असं त्यांनी मुलाखतींत म्हटलं होतं. त्यांनी बोलायला नको होतं, असा सौम्य टोला कॉलेजियमने दिला, आणि लगेच हेही म्हटलं की नाव पाच वर्षांहून जास्त लटकलेलं असताना तो दोष मानू नये. सवलत दिली हे ठीक. पण अन्याय होतोय हे ज्याला दिसतंय त्याने गप्प बसून वाट पाहावी ही अपेक्षा, मोकळेपणाला जमेची बाजू म्हणणाऱ्या ठरावातच यावी, हे खटकतं. बरं, त्यांचा अंदाज सरकारच्याच पत्रांनी खरा ठरवला.

ज्यांच्यामागे कॉलेजियम नाही

ठराव बाहेर आल्यावर काही दिवसांतच तेव्हाचे कायदामंत्री किरण रिजिजू यांनी गुप्तचर यंत्रणांचे अहवाल असे जाहीर करणं गंभीर असल्याचं म्हटलं. अहवालातल्या मजकुरापेक्षा तो लोकांनी वाचला याची चिंता त्या बोलण्यात जास्त होती. हे समजण्यासारखंही आहे. कारण लिहून द्यावं लागलं की ते तपासता येतं, आणि तपासलं की असली कारणं टिकत नाहीत.

याचा अनुभव मराठी माणसाला अलिगढमध्ये आलेला आहे. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. रामचंद्र सिरस हे उघडपणे गे वगैरे नव्हते, निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे एकटे राहणारे प्राध्यापक होते. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरेवाले त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने घुसणाऱ्यांऐवजी सिरसांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. खाजगी वागण्याचा नोकरीशी ठोस संबंध नसेल तर ते गैरवर्तन धरता येणार नाही, हे त्या आदेशाचं सार. ७ एप्रिलला सिरस भाड्याच्या खोलीत मृत सापडले. त्याच न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बुलंदशहरच्या एका होमगार्डची बडतर्फी रद्द केली. जोडीदाराबरोबरचा त्याचा व्हिडिओ बाहेर आला म्हणून, ३७७ चा निकाल लागलेला असतानाही, त्याला घरी बसवलं होतं. दोन्ही प्रकरणांत कारण लेखी होतं म्हणून न्यायालयाच्या हाताला काही लागलं.

पण हे दोघे सरकारी किंवा सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेतले. घटनेचं कलम १५ राज्याला बांधतं. नवतेज निकालाने त्यातल्या लिंगभेदाच्या मनाईत लैंगिक कलही धरला, तो फायदा सरकारी नोकरालाच. चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या आयटी कंपनीत लैंगिक कलावरून कुणाला काढलं तर थेट बोट ठेवावं असा कायदा देशात नाही. २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, पण तो गे किंवा लेस्बियन कर्मचाऱ्याला लागू नाही. गंमत अशी की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या अठराव्या कलमात लैंगिक कलावरून भेदभाव करू नये असं नाव घेऊन लिहिलं आहे. म्हणजे मनोरुग्णालयात जे संरक्षण आहे ते ऑफिसात नाही.

मधली जागा कंपन्यांच्या धोरणांनी भरली, जिथे भरली तिथे. विक्रोळीच्या गोदरेजने समलिंगी जोडीदारांना कर्मचारी धोरणात घेतलं, टाटा स्टीलने २०१९ मध्ये जोडीदाराची नोंद करून लाभ घेण्याची सोय केली. चांगलंच आहे. पण मेडिक्लेमसाठी जोडीदाराचं नाव लिहायचं म्हणजे एचआरला सांगायचं, आणि एचआरला सांगितलेलं कॅन्टीनपर्यंत जायला किती वेळ लागतो हे कुणाला सांगायला नको. फॉर्म भरणाऱ्याला आधी हाच हिशेब करावा लागतो, आणि म्हणून पुष्कळ जण तो भरतच नाहीत.

नकार न देता अडवणं

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालापासूनचा नियम असा की कॉलेजियमने एकमताने नाव पुन्हा पाठवलं की सरकारने नेमणूक करायची. एप्रिल २०२१ मध्ये पीएलआर प्रोजेक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी तीन ते चार आठवड्यांची मुदतही सांगितली होती. त्या हिशेबाने कृपाल यांची शपथ २०२३ च्या फेब्रुवारीत व्हायला हवी होती. सरकारने नाही म्हटलं नाही. होही म्हटलं नाही. नकाराला उत्तर देता येतं, गप्प बसलेल्या खात्याला काय उत्तर देणार, आणि नेमणूक द्याच म्हणून उमेदवाराला स्वतः दावाही लावता येत नाही. बेंगळुरूच्या वकील संघटनेने अशा रखडलेल्या नेमणुकांवर केलेली याचिका न्या. कौल ऐकत होते. ५ डिसेंबर २०२३ ला ती अचानक बोर्डावरून गायब झाली, आपण ती काढलेली नाही असं कौल कोर्टात म्हणाले, आणि त्याच महिन्यात ते निवृत्त झाले.

त्या जानेवारीतच कॉलेजियमने मुंबई उच्च न्यायालयासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचंही नाव पुन्हा पाठवलं होतं. त्यांच्यावरचा आक्षेप समाजमाध्यमांवर मांडलेल्या मतांचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते मुंबईत न्यायमूर्ती झाले. तेव्हा फेरशिफारस सरकारला मुळीच मान्य होत नाही असं नाही.

उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. त्याची ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात, आणि मुख्य न्यायमूर्तिपद असो की सर्वोच्च न्यायालय, पुढचं बरंचसं त्या ज्येष्ठतेवर ठरतं. कृपाल यांचा जन्म १९७२ चा. २०१७ मध्ये नेमणूक झाली असती तर त्यांना सोळा वर्षांहून जास्त कारकीर्द मिळाली असती. तीतली निम्मी वर्षं फाइलीतच सरत आली. उद्या पत्र निघालं तरी ती परत मिळायची नाहीत, आणि मधल्या काळात दिल्लीत नेमले गेलेले सगळे त्यांच्या पुढेच राहतील. ठरावावर सही करणारे जोसेफ जून २०२३ मध्ये निवृत्त झाले, कौल डिसेंबरात, चंद्रचूड नोव्हेंबर २०२४ मध्ये. तोवर पत्र निघालेलं नव्हतं.